व्रोना बाईंची काळी बॅग

मी एक बॅग बोलतेय. चपटी, काळी, चित्रांचे मोठे कागद न दुमडता नेता यावेत म्हणून शिवलेली. उभं राहून बोलायचं त्राण आता उरलेलं नाही, तेव्हा कपाटावर आडवी पडूनच बोलते. राग मानू नका.

माझा जन्म इथलाच, वूच शहरातला. एके काळी इथे गिरण्यांचे भोंगे वाजत, म्हणे. मी जन्मले तेव्हा त्याच बंद पडलेल्या गिरण्यांत लोक कॉफी पीत बसलेले होते. एका गल्लीत दोघी बहिणी बॅगा शिवायच्या. त्यातल्या धाकटीने मला शिवलं, आणि चेन लावताना ती फोनवर नवऱ्याशी भांडत होती. तेव्हापासून माझी चेन एका कोपऱ्यात हटकून अडते. दुसऱ्याच्या भांडणाचा भोग मी जन्मभर भोगतेय.

व्रोना बाईंनी मला विकत घेतलं. बाई डिझाइनच्या कॉलेजात शिकवतात. कापडावरची नक्षी काढायला शिकलेली मुलं शेवटच्या वर्षी त्यांच्या हाती येतात. बाई त्यांना नक्षी शिकवत नाहीत, ती आधीच शिकून झालेली असते. कुठलं काम दाखवायचं, कुठलं घरी ठेवायचं, नोकरीच्या मुलाखतीला साहेबासमोर बसताना हात कुठे ठेवायचे, असलं सगळं त्या शिकवतात. ज्यांच्याकडे बॅग नसते त्यांच्या खांद्यावर मला अडकवून देतात. देताना मागून हलकीच लाथ मारतात, इथल्या रीतीप्रमाणे, नशीब फळफळावं म्हणून. मुलांनी त्यावर आभार मानायचे नसतात. मानले तर नशीब रुसतं.

या लाथांचं फळ मी फार कमी वेळा पाहिलं. ट्राममध्ये लोकांनी मला कोपरं मारली, पावसात मुलांनी मला छत्रीसारखी डोक्यावर धरली. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते साहेब लोक परक्याच्या लग्नाचा अल्बम चाळावा तसे कागद उलटतात. वर्षभराची मेहनत, आणि चहा निवायच्या आत संपते. बघून बघून मी थकले.

यंदा मला बोग्नाकडे दिलं. बोग्ना वास्क गावची. आई तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळते. मुलगी अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ, पण रंगांची जाण अशी की बघत राहावं. नोकरी लागली नाही तर जर्मनीत मावशीकडे जायचं, गोदामात खोकी भरायला, हे घरात ठरलं होतं. मावशीने तिच्यासाठी खाटसुद्धा बघून ठेवली होती. ती खाट बोग्नाला झोपेत दिसायची, असं तिने एकदा बाईंना सांगितलं.

बाईंनी तिचे कागद टेबलावर पसरले आणि निवडायला घेतले. सगळ्यांत देखणं पान होतं ते बोग्नासकट चार मुलांनी मिळून केलेल्या पडद्याच्या कापडाचं. ओल्या गवतावर पडलेली नासपतीची फळं, आणि मागे एक हिरवा रंग, ना पानाचा ना शेवाळाचा. तो हिरवा जमेपर्यंत बोग्नाने कितीतरी कागदांवर रंगाचे फराटे मारून पाहिले होते.

"हे फराटे काढून टाक," बाई म्हणाल्या. "फरशी पुसायचं फडकं वाटतंय. साहेबांना तयार कापड दाखवायचं, धुणं नाही."

बोग्नाने मुकाट्याने ते कागद बाईंच्या खणात ठेवले.

"आता मी साहेब. सांग, हे कुणी केलं?"

"झालं आपलं. सगळ्यांनी मिळून."

"सगळ्यांना मिळून एक खुर्ची देणार आहे का तो? 'मी केलं' म्हण."

"पण बाई, टीमोन होता, बाकीची होती..."

"टीमोनचं टीमोन बघेल! अगं, तुम्हा पोरांना झालंय तरी काय? कुणी चांगलं म्हटलं की 'छे, कसलं काय' म्हणून अंग चोरता. आया तुमच्या असंच शिकवतात, ठाऊक आहे मला, माझीही तसलीच होती. म्हण, 'मी केलं.'"

"मी केलं," बोग्ना म्हणाली. चोरी कबूल करावी तसा आवाज होता.

"पुन्हा."

बाईंनी तिच्याकडून ते इतकं घोटून घेतलं की शेवटी ती खरंच ताठ मानेने म्हणू लागली. आणि बाईंनी हेच सगळ्या वर्गाकडून घोटून घेतलं होतं. त्यातून काय होणार आहे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पडद्यांच्या कापडाचा कारखाना शहराबाहेर, पाबियानित्सेला. मालक केम्पा साहेब, जाडजूड, मिशीला कॉफी लागलेली. त्यांनी माझी चेन ओढली, ती नेहमीच्या जागी अडली, ते हसले, आणि मला वाटलं, चला, माणूस बरा दिसतोय.

कागद उलटता उलटता ते नासपतीपाशी थांबले. मी आजवर एवढ्या साहेबांना पाहिलंय, पण असं थांबलेलं क्वचितच कुणाला. बोट त्या हिरव्यावर ठेवून ते म्हणाले, "हा रंग मी पडद्याला आणायचा म्हणून मरतोय गेली कित्येक वर्षं. कुणी केलं हे?"

"मी केलं," बोग्ना म्हणाली. स्वच्छ, बाईंनी शिकवलं तसं.

केम्पा साहेब खुर्चीत मागे रेलले. "पोरी, हेच पान घेऊन तुझ्या वर्गातली तिघं येऊन गेली. तिघांनीही हे एकट्यानंच केलंय. आता तू चौथी. एवढी एकटी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत!"

बोग्नाचे कान लालेलाल झाले. माझी कड तिने इतकी घट्ट धरली की शिवण चरचरली.

"मला नक्षी काढणारा माणूस हवाय," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले. "उगाच कुणालातरी घेऊन फसायचं नाही मला. खरं सांग. ही फळं कुणाच्या हातची?"

ती खोटं बोलली असती तर? बाकीची बोललीच होती. पण ती म्हणाली, "टीमोनच्या. चित्र सगळं टीमोनने काढलंय."

"ठीक," साहेब म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मी आतल्या आत तडफडत होते. अगं, आता रंगाचं सांग! तो हिरवा तुझा आहे, त्याच्यावरच तर ते थांबले! पण खोटं बोलताना पकडलेल्या मुलीने लगेच स्वतःची टिमकी कशी वाजवायची? ते फराटे असते तर त्यांनी मुक्यानेच साक्ष दिली असती. पण ते बाईंच्या खणात होते. बोग्ना उठली, नमस्कार केला, मला उचललं. ट्राममध्ये तिने मला मांडीवर आडवी घेतली आणि माझ्यावर डोकं टेकून रडली. आजवर माझ्यावर फार मुलं रडली आहेत, तरी सवय होत नाही.

पुढच्या सोमवारी ती मला परत द्यायला आली. केम्पा साहेबांकडे टीमोनला नोकरी लागल्याचं तोवर कॉलेजभर झालं होतं.

"काय सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"खरं सांगितलं. चित्र टीमोनचं म्हणून."

"बरं केलंस." बाई म्हणाल्या. "आणि रंग? रंग कुणाचे ते?"

"त्यांनी विचारलं नाही."

बाई खाली बसल्या. मग एकदम फोन उचलून त्यांनी केम्पा साहेबांना लावला. बोग्ना "नको, बाई, नको ना" करत राहिली, पण बाई बोलल्या, भरभर बोलल्या, त्या हिरव्याचं, फराट्यांचं, सगळं. पलीकडून साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो बाई, मग ती बोलली का नाही? जागा एकच होती हो. आता त्या पोराला काय सांगू?"

बाईंनी फोन ठेवला. मग बोग्नाच म्हणाली, "टीमोन चांगला आहे, बाई. त्याला गरज होतीच." आणि पिशवीतून आईने पाठवलेला खसखशीचा केक काढून बाईंपुढे ठेवला. शिकवल्याबद्दल.

बाईंनी त्यातला तुकडा मोडला, पण तोंडापर्यंत नेला नाही.

बोग्ना जर्मनीला गेली. खोकी सगळी एकाच तपकिरी रंगाची असतात, एवढंच तिने कळवलं. बाई आता कुणाकडूनही 'मी केलं' घोटून घेत नाहीत. कधी कधी त्या मला कपाटावरून उतरवतात, झटकतात, आणि कुणाच्याही खांद्याला न लावता परत ठेवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरंच दमलेय मी.

पण तुमच्याकडे एखादी मुलगी अशी बॅग घेऊन आली, आणि एखाद्या पानावर तुमचं बोट आपसूक थांबलं, तर एवढं कराल? ती गप्प बसली, तरी उठू देऊ नका तिला. चित्र कुणाचं, एवढ्यावर थांबू नका. यात तुझं काय आहे, बाळ, असं विचारा, आणि ती सांगेपर्यंत थांबा.