तपासायची राहिलेली कुपी

अमेरिकेतल्या यंग्जटाउनबाहेरच्या लस-प्रयोगशाळेत लुडमिला हॉर्न्याक माकडांचं दाणापाणी बघायची. आदल्या ऑगस्टमध्ये तिची मुलगी रोझालिया पोलिओनं गेली होती, श्वास देणाऱ्या लोखंडी पिंपात, फक्त डोकं बाहेर. त्यानंतर लगेच लुडमिलानं ही नोकरी धरली. लस बनते तिथून हलायचंच नाही, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

एकोणीसशे चौपन्नच्या वसंतात लसीची चाचणी झाली, पण शाळेतल्या मुलांवर. तिचा एमिल चारच वर्षांचा. जुलैत गल्लीतली दोन मुलं आजारी पडली, तशी ती प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टर फेनविकच्या खोलीत शिरली.

"एकच सुई, डॉक्टर. कुणाला सांगायची नाही मी."

"लस लागू पडते की नाही, हेच अजून ठरायचंय, मिसेस हॉर्न्याक."

"मला चालेल."

"मला नाही चालणार," म्हणत त्यानं दार लोटलं.

त्याच आठवड्यात तिनं कुपी चोरली. लसीतल्या मारलेल्या विषाणूंत कुठे एखादा जिवंत उरला नाही ना, हे बघायला प्रत्येक नवी खेप आधी माकडांना टोचत. या कुपीची खेप नुकतीच टोचली होती, निकाल यायचा होता. पण इतक्या महिन्यांत एकही माकड आजारी पडलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

शेजारची मार्गिटमावशी पूर्वी इस्पितळात नर्स होती. कुपी बघून ती मागे सरकली.

"कुठून आणलंस हे? अगं, पोलीस मला धरतील!"

"रोझालियाला शेवटची अंघोळ तूच घातलीस, मावशी."

मावशीनं सुई उकळायला टाकली. एमिल रडला, खसखशीचा रोल खाऊन गप्प झाला. वर्षभरात पहिल्यांदा लुडमिलाला गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यात पिंजऱ्यापाशी तिनं सफरचंदाची फोड धरली. माकड पुढे झालं, पण त्याचा हात उचलेना. त्याच खेपेचं माकड. शेजारच्या पिंजऱ्यातलं दुसरं पाय ओढत होतं. ती हातातलं टाकून वर धावली. फेनविक चार माणसांत बसला होता.

"त्या खेपेतली कुपी मी नेली. माझ्या मुलाला टोचली."

फेनविकनं एवढंच विचारलं, "कुठल्या हातावर?"

"डाव्या."

"घरी जा. त्याला पळू देऊ नका, निजवून ठेवा. मी गाडी पाठवतो."

एमिल टेबलाखाली बसला होता, अंग तापलेलं. "आई, हा हात झोपलाय गं. उठतच नाही."

नवरा योझेफ पोलादाच्या भट्टीवरून थेट इस्पितळात आला. सगळं ऐकून काचेला कपाळ टेकून उभा राहिला. "मला तरी विचारायचंस, लुडा."

"तू नको म्हणाला असतास."

"हो. म्हटलं असतं नको."

काचेपलीकडे एमिलची छाती वरखाली होत होती आणि तिची नजर तिथून ढळत नव्हती. ताप उतरला. छाती वाचली. हात मात्र परत आला नाही.

फेनविक भेटायला आला. तिला कामावरून काढल्याचं सांगितलं, पोलिसांत मात्र जाणार नाही म्हणाला. "खेप आम्ही नष्ट केली. बाहेर एकाही मुलाला गेली नाही."

"एकाला गेली," योझेफ म्हणाला.

पुढच्या एप्रिलमध्ये चाचणी यशस्वी झाल्याची बातमी आली. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रस्त्यात मिठ्या मारू लागले. योझेफनं खिडकी लावून घेतली. मग पश्चिमेकडे काही मुलं लसीनंच लुळी पडल्याची बातमी आली. लस थांबली, तपासणी कडक होऊन पुन्हा सुरू झाली. गल्लीतल्या डॉक्टरनं तिला बोलावून घेतलं. "पोलिओचे तीन प्रकार आहेत, बाई. एमिल आता झालेल्या एकापासूनच सुरक्षित आहे. उरलेल्या दोन प्रकारांसाठी टोचून घ्यायलाच हवं."

"पुन्हा?" घरी योझेफ ओरडला. "पुन्हा त्याला तूच नेणार?"

"पोलिओचा उन्हाळा तोंडावर आलाय," ती म्हणाली. "तू ने. मला नको विचारूस."

तो जागचा उठला नाही. शेवटी तीच गेली. रांगेत कुणाकडे बघितलं नाही. नर्सनं विचारलं, "कुठला हात?" लुडमिलानं डावी बाही वर केली. जो हात गेलाच होता, तोच पुढे केला. सुई शिरताच एमिल किंचाळला. हात हलत नसला तरी त्याला दुखणं सगळं कळत होतं. तिनं तो लोंबता हात दोन्ही हातांत गच्च धरून ठेवला.

पुढे कितीतरी दिवस, एमिल उठला रे उठला की ती त्याला उजवा हात वर करायला लावायची.