मांडवाआधी सुटलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुनी खाकी पिशवी आहे आणि मला राग आलेला आहे. वर्षं लोटली, तरी तो गेलेला नाही. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर दुसरीकडे कान द्या.

माझा जन्म कल्याणजवळच्या मोहने गावचा. धाकू तिथे कारखान्यात कामाला होता. त्याची वर्दीची पँट गुडघ्यात फाटली, तेव्हा त्याने ती उसवून बायकोसाठी मला शिवलं. शिवण तिरकी, बंद एक लांब, एक आखूड. पण बायको मनुबाई खूश झाली. तिला माझी गरजच होती, कारण ती धवलारीण होती.

धवलारीण म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडच्या आगरी लग्नात ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. देवांना मांडवात बोलावते, तांदळाच्या पिठाने जमिनीवर चौक भरते, विधी सांगते. मनुबाई गायला बसली की बडबडी माणसंही गप्प व्हायची. मी तिच्या मांडीशी असायचे. हळद, सुपाऱ्या, तांदूळ, सगळं माझ्या पोटात. बायका म्हणत, "मनुबाईची पिशवी आली, आता लगीन लागला समज." मी फुगून जायचे, खोटं कशाला बोलू?

मग १९९३ साल आलं. मार्चमध्ये मुंबईत बाँब फुटले, माणसं मेली. स्टेशनास्टेशनांत झडत्या सुरू झाल्या. त्यात चूक काहीच नव्हतं. बाँब शोधायलाच हवेत, मलाही चिंध्या होऊन उडायचं नव्हतं.

त्या एप्रिलात डोंबिवलीजवळच्या एका गावचा नवरा आणि खडवलीची नवरी असं लग्न होतं. नवऱ्याच्या घरी पाच सवाष्णींनी तांदूळ कांडून पीठ केलं. ते नव्या फडक्यात बांधून मनुबाईकडे दिलं. त्याने नवरीच्या मांडवात चौक भरायचा. आमची रीत अशी, की ती गाठ मांडवातच सुटायची. वाटेत सुटली तर अपशकुन, आणि बोल धवलारणीला.

मध्ये गाडी बदलायची होती. त्या स्टेशनच्या पुलावर टेबल टाकून दोन वर्दीवाले बसलेले. म्हणे, कुणालाही मध्येच थांबवतो, ठरवून नाही. वा रे वा! त्या उन्हाळ्यात मनुबाई सहा लग्नांना गेली आणि सहाही वेळा तिलाच थांबवलं. चकचकीत सुटकेसवाले शेजारून निघून जायचे. नऊवारी नेसलेली, कापडी पिशवीवाली बाई तेवढी संशयाची! आधीच्या पाच वेळा तिने मुकाट्याने मला उघडलं होतं. आज पोटात पीठ होतं.

"फडक्यात काय आहे?" मोठ्या साहेबाने विचारलं.

"पीठ हाय सायेब, लग्नाचा. वास घ्या, चाचपून बघा. पन गाठ नका सोरू. ती मांडवातच सुटते."

"मावशी, नियम सगळ्यांना सारखा. उघडा."

तिने हात जोडले. साहेबाने माझ्या पोटात हात घालून फडकं ओढलं, गाठ हिसकली आणि पीठ टेबलावर ओतलं. निम्मं वाऱ्याने पुलावर उडालं. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवलं, जोडीदाराकडे बघून हसला आणि म्हणाला, "पीठच आहे. जा."

जा! 'चुकलो' म्हणणं नाही, 'माफ कर' म्हणणं नाही, निदान उरलेलं भरून तरी देशील? माझ्या बंदांना बोटं असती तर तिथेच त्याचा कान पिरगाळला असता.

मनुबाईने टेबलावरचं पीठ भरलं नाही. उष्टं झालेलं, धुळीच्या टेबलावरचं पीठ चौकाला चालत नाही. रिकामं फडकं घेऊन ती खडवलीला पोचली आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. दुसरं पीठ दळता आलं असतं हो. पण नवऱ्याची आत्या आवडाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला एक गाठ राखता आली नाय." दुसरी धवलारीण आणली. बोलणं साऱ्या गावांत फिरलं आणि मनुबाईला बोलावणी येईनाशी झाली. पीठ सांडलं साहेबाने, आणि गाणं गेलं मनुबाईचं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

धाकूने माझा आखूड बंद बदलला, तेवढाच माझा मान. आता माझ्यात औषधं असतात. परवा ती नौपाड्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. दारात टेबलामागे पांढऱ्या वर्दीतली नर्स दिसताच मनुबाई थांबली, मला टेबलावर ठेवलं, उघडलं आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. चष्मा, गोळ्या, रुमाल.

"अहो आजी, हे काय करताय?" नर्स म्हणाली. "मी काही मागितलं नाही."

मनुबाई खाली बघत म्हणाली, "बघून घे बाय. काय नाय त्यात."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी उद्या त्या टेबलामागे बसेल. पिशव्या जरूर तपासा. पण समोरच्या बाईला आधी नीट विचारा. आणि काही सापडलं नाही, तर स्वतःच्या हाताने भरून द्या, चुकलो म्हणा. नाहीतर ती बाई जन्मभर तुमच्यापुढे पिशवी उपडी करत राहील.