पाइनच्या तीन फांद्या

हेलसिंकीहून आलेले बेर्गरूथसाहेब माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. करडं तळं, पिवळे पडलेले बर्च आणि वाटेच्या कडेला एकटा पाइन.

"चित्र घेतो मी," ते म्हणाले, "पण एल्वीराबाई, फार उदास आहे हो. मला जेवणघरात लावायचंय. निदान त्या झाडाला खालच्या फांद्या तरी रंगवा. अगदी बोडकं दिसतंय."

आई चुलीपाशी काळ्या पावाचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"त्या आम्हीच तोडल्यात," मी म्हणाले. "गेल्या महिन्यात माझ्या भावाला, एनोक्कीला, दफनभूमीत नेताना. आमच्याकडे वाटेत थांबून तोडतात. मेलेला माणूस घराकडे परत निघालाच, तर ते झाड बघून त्याला कळावं, की आता आपलं घर तिकडे नाही."

"असेल. पण शहरात कोणाला कळणार आहे? चारच तर फांद्या."

"तीन," आई म्हणाली.

माझं डोकं सणकलं. खरं तर खोडावरचे ते फांद्या तोडल्याचे घाव मीच भीत भीत करडे रंगवले होते, कोणाच्या डोळ्यांत भरू नयेत म्हणून. मी कुंचला उचलला, पिवळ्यात पांढरा कालवला आणि साहेबांच्या देखत तिन्ही घाव ताजे केले.

"आता लावा जेवणघरात!"

साहेब टोपी घालून चालते झाले.

आई पिठाचे हात पुसत चित्रापाशी आली.

"अजून खोल दाखव," ती म्हणाली. "कुऱ्हाड माझ्या हातात होती."