कधीच न उगवलेला दिवस

मित्रांनो, मी एक जुना दिवस आहे. जुना म्हणजे होऊन गेलेला नव्हे. मी मुळी कधी उगवलोच नाही. कुठल्याही कॅलेंडरात मला तारीख नाही की वार नाही. तरी माझ्या भरवशावर एका बेटाची पुढची तीस वर्षं आखली गेली होती.

माझा जन्म होबार्टमधल्या एका कचेरीत, संगणकाच्या पोटात झाला. मला घडवलं टॅमसिनने. टास्मानियाच्या उत्तरेला समुद्रात एक लहानसं बेट आहे, ती तिथलीच. बेटावर वीज यायची ती डिझेलच्या इंजिनाची. आता पवनचक्क्या आणि बॅटऱ्या उभारायच्या होत्या, आणि किती उभारल्या म्हणजे पुरतील ते हिशेबाने ठरवायचं होतं. पण तीस वर्षांतला एकेक दिवस घेऊन हिशेब करायचा तर संगणक मान टाकायचा. म्हणून टॅमसिनने प्रत्येक ऋतूमागे एकच नमुन्याचा दिवस केला. आमच्याकडे मार्च, एप्रिल, मे हा पानगळीचा ऋतू. त्या तिन्ही महिन्यांचा वारा, ऊन आणि विजेचा खप एकत्र ढवळून, सरासरी काढून तिने मला तयार केलं.

मी फार गुणी होतो. माझ्यात वादळ नव्हतं, आणि वारा कधी पडतही नसे. दुपारी बॅटरी भरे, दिवे लागले की उतरे, सकाळी पुन्हा होती तिथे. आणि माझ्यानंतर कोण येई? पुन्हा मीच! वाईट दिवसामागून वाईट दिवस, हे माझ्या जगात घडतच नसे. कचेरीतले लोक म्हणत, "काय झटपट उत्तर मिळतं हो!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

माझं उत्तर होतं, इंजिन नको. टॅमसिन ते घेऊन बेटावर गेली. तिची आत्या व्हर्ना बेटाच्या समितीची प्रमुख. सगळं बेट तिला आंटीच म्हणतं. इंजिन दुसऱ्या बेटाला देऊन टाकायचं की ठेवायचं, हे तिच्या शब्दावर होतं.

"पोरी, तुझं ते सरासरीचं मला काही कळत नाही," आंटी म्हणाली. "पण तू पुरेल म्हणतेस ना, मग पुरेल. आपल्या घरची पोर आपल्याला अंधारात बसवायची नाही."

इंजिन सांभाळणारे क्लेम अंकल तेवढे कुरकुरले. "व्हर्ना, म्हातारं झालं तरी ते हाकेला ओ देतं. वाऱ्याला हाक मारून बघ एकदा."

"तुझ्यासारखंच खोकतं मेलं. जाऊ दे त्याला!"

पवनचक्क्या आणि बॅटऱ्या उभ्या राहिल्या, इंजिन बंद झालं. मग एप्रिल आला. एप्रिल म्हणजे बेटावर मटनबर्ड या समुद्रपक्ष्यांचा हंगाम. बिळांत हात घालून त्यांची लठ्ठ पिल्लं धरायची, पिसं काढून साफ करायची आणि शेडमधल्या मोठमोठ्या फ्रीझरांत भरायची. बेटाचं वर्षभराचं खाणं आणि कमाई त्यांतच असते. टॅमसिन दरवर्षीसारखी रजा काढून आली. लॅपटॉपमधून मीही आलो.

आणि वारा पडला. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. धुक्याने ऊनही झाकलं. फ्रीझर भरत होते आणि बॅटऱ्या रिकाम्या होत होत्या. समुद्र मात्र ताटात ओतलेल्या तेलासारखा शांत. इतके दिवस लाटांमुळे अडलेला, इंजिन न्यायला येणारा तराफा म्हणूनच नेमका चौथ्या दिवशी सकाळी धक्क्याला लागला.

टॅमसिनने पिसांनी माखलेल्या हातांनी शेडमध्येच मला उघडलं. बाहेर गवताची काडी हलत नव्हती, आणि माझ्यात छान वारा वाहत होता. ती माझ्याकडे बघतच राहिली. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मार्चच्या आणि मेच्या वाऱ्याने माझ्यात एप्रिलचा खड्डा बुजवला होता, आणि फ्रीझरांचा खपही तीन महिन्यांत वाटून पातळ झाला होता. टॅमसिनला एप्रिल ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. पण हंगाम म्हणजे घर आणि हिशेब म्हणजे कचेरी. इकडची गोष्ट तिकडे न्यायची, हे तिला कधी सुचलंच नाही.

"आंटी, मी चुकले. इंजिन जाऊ देऊ नका."

"अगं, आता सांगतेस? दोरखंड बांधून झाले असतील!"

टॅमसिन धावत सुटली. लॅपटॉप तिच्या काखेत, आणि मी त्यात. इंजिन क्रेनला लटकलेलं होतं. क्लेम अंकल टोपी काढून उभे होते.

"खाली ठेवा!" ती ओरडली. "न्या म्हणून मीच सांगितलं होतं. आता मीच सांगतेय, खाली ठेवा!"

"कंप्युटरचं मत बदललं वाटतं?" अंकलनी विचारलं.

"कंप्युटरचं नाही, अंकल. माझं."

तराफा रिकामाच परतला. फ्रीझरच्या कडांचा बर्फ पाझरू लागला होता, तेवढ्यात खोकत, धुमसत इंजिन सुरू झालं. बेटाचं वर्ष वाचलं. आंटीने टॅमसिनपुढे भाजलेल्या पक्ष्याची बशी सरकवली. "आधी खा. रडायचं ते मग रड. आणि तुझ्या त्या शहाण्या दिवसाला एप्रिल काय असतो ते शिकव."

होबार्टला परतल्यावर टॅमसिनने एप्रिलला वेगळी जागा दिली. वारा पडलेले ते दिवस जसे एकामागून एक आले, तसेच माझ्याशेजारी आणून बसवले. आता काल रिकामी झालेली बॅटरी आज रिकामीच उजाडते. उत्तराला वेळ लागतो, कचेरीतले कुरकुरतात. तिने मला मात्र पुसलं नाही. साध्यासुध्या दिवसांसाठी मी अजून राबतो.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण ज्या थोड्या दिवसांवर सगळं घर उभं असतं, ते माझ्यात ढवळून टाकू नका. त्यांना त्यांच्या नावाने जपा.

माझे हे नवे शेजारी खरोखर उगवून आलेले आहेत. त्यांनी आंटीची शेड पाहिली आहे, क्लेम अंकलचं इंजिन ऐकलं आहे. काम नसलं की मी त्यांना हळूच विचारतो, "उजाडताना कसं वाटतं रे?"