ठिगळीची डावी बाजू

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण दात ती खरोखरच करायची. शहरातले चार दंतवैद्य आपल्याकडच्या रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे तिच्याकडे पाठवत आणि ती समोरच्या खोलीत खिडकीखाली बसून त्यांवर कवळ्या घडवी. चाळिशीची बाई. बोलायला फटकळ, पण हात असा हलका की मेणाच्या दातावर कानस फिरवताना आवाजसुद्धा होत नसे.

आतल्या खोलीत तिचे वडील असत. सिमेंटच्या कारखान्याच्या यार्डात त्यांनी बावीस वर्षं वाफेचं इंजिन चालवलेलं. आता डोळ्यांचे पडदे खराब झाले होते, तेही मधोमध. बोलणाऱ्या माणसाचं तोंड दिसत नसे, त्याच्या शेजारची खुंटी दिसे. "मला आता जगाच्या नुसत्या कडा दिसतात," ते म्हणायचे. आधी हसून म्हणायचे, मग नुसतंच म्हणायला लागले. हळूहळू कोपऱ्यापर्यंतचं फिरणं बंद झालं, रेडिओ बंद झाला, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की किती वाजले हेही ते आता विचारत नाहीत.

एकदा दुपारी ती बाहेरून आली, तर वडील तिच्या टेबलाशी उभे. हातात उद्या द्यायची कवळी. त्यावरून ते अंगठा फिरवत होते.

"बाबा, ठेवा ती. पडेल."

"खालची आहे ना ही? उजवीकडची दाढ उंच झालीय तुझी."

तिने कवळी हिसकावूनच घेतली आणि साच्यावर बसवून पाहिली. दाढ उंच झाली होती. केसाएवढी, पण झाली होती.

त्या दिवशी तिने ठरवलं, बाबांना ठिगळी करून द्यायची.

ठिगळी म्हणजे त्यांचं इंजिन. कारखान्याच्या वर्कशॉपने ते दोन मोडक्या इंजिनांतून उभं केलं होतं. एका छोट्या इंजिनाचा बॉयलर कामातून गेला होता, एका मोठ्या मालगाडीच्या इंजिनाची चाकं झिजली होती. याचं धड, त्याचे पाय. लहान चौकटीवर तो जाडजूड बॉयलर असा दिसे, जसा धाकट्याच्या सायकलवर थोरला बसलाय. पाहुणे हसत. पण यार्डात तिच्याइतकं इमानी इंजिन दुसरं नव्हतं. घरी जेवताना बाबा तिच्याबद्दल असं बोलत, की आई म्हणायची, "तिलाच आणा घरी, मी जाते यार्डात."

खेळण्यांच्या दुकानाच्या माळ्यावर एक म्हातारा दुकानदार रेल्वेची मॉडेलं विकायचा. दातवालीने त्याच्यापुढे घरातला एकुलता एक फोटो ठेवला: इंजिनाची उजवी बाजू आणि तिच्यापुढे छाती काढून उभे असलेले तरुण बाबा. दुकानदाराने भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"ताई, हे इंजिन कुठल्याच कंपनीने काढलेलं नाही. काढणारही नाही."

"ते माहितीये मला. याच्या पायांसारखे पाय कशाचे आहेत आणि धडासारखं धड कशाचं, तेवढं सांगा."

दुकानदार पहिल्यांदाच हसला. "म्हणजे तुम्हाला दोन मॉडेलांची कीट कापून जोडायची आहेत," तो म्हणाला आणि शिडी घेऊन आला.

सुट्या भागांची दोन खोकी घरी आली. पहिल्याच दिवशी कळलं की काम वाटलं तेवढं सोपं नाही. एक कीट खऱ्या इंजिनाच्या शहात्तर पटींनी लहान, दुसरं सत्त्याऐंशी पटींनी. एकाची केबिन दुसऱ्याच्या चौकटीवर ठेवली तेव्हा आत बसवायचा प्लास्टिकचा ड्रायव्हर मानेत वाकवावा लागला. तिने केबिन फेकली आणि पत्रा कापून नवी केली. बॉयलर चौकटीवर बसेना, तेव्हा त्याची बैठक दातांच्या बारीक ड्रिलने कोरून काढली. मधली फट कवळीच्या गुलाबी मसाल्याने भरली. बॉयलरवरचा घुमट दोन्ही खोक्यांत चुकीचा होता. तो तिने मेणात घडवला, प्लास्टरचा साचा केला आणि त्यात ओतला. कवळी करतात तसाच. दंतवैद्याचा निरोप्या ठसे द्यायला आला, त्याने टेबलावर पाहिलं आणि विचारलं, "हा कोणाचा दात?"

तयार झालेला प्रत्येक भाग वडिलांच्या हातात जाई. सुरुवातीला ते म्हणाले, "कशाला माझ्यापायी जिवाला त्रास करून घेतेस?" पण म्हणतानाच अंगठा कामाला लागलेला.

"हा घुमट पुढे हवा. नखभर."

"फोटोत इथेच आहे."

"फोटो काढणाऱ्याने चालवलीय का ती?"

घुमट नखभर पुढे सरकला. रिव्हेट म्हणून तिने सुईच्या टोकाने गोंदाचे थेंब ठेवले होते. बाबांनी ते बोटाने मोजले आणि एका ओळीत दोन कमी भरले म्हणून तिला परत बसवलं. दोघं दुपारी चहा घेऊन समोरासमोर बसत. तो चढताना धरायचा दांडा, ती शिटीची साखळी, तो वाळूचा नळ, एकेक वस्तू त्यांच्या बोटांतून तिच्या बोटांत येत गेली. महिन्याभराने ते सकाळी उठून स्वतःच विचारू लागले, "किती वाजले? बसायचं ना?"

उजवी बाजू पुरी झाली तेव्हा तिने इंजिन फिरवून त्यांच्या हातात दिलं. डावी बाजू कोरी, गुळगुळीत होती.

"आता ही सांगा."

वडिलांचा अंगठा त्या कोऱ्या भागावरून इकडून तिकडे गेला आणि थांबला.

"इकडचं मला नाही माहीत."

"बावीस वर्षं चालवलीत की!"

"मी उजवीकडे बसायचो. तेलपाणीसुद्धा वाटून घेतलं होतं आम्ही. पाहिली होती गं, रोज पाहिली असेल. पण हाताला नाही माहीत." मग मान वळवून, "डावीकडे तो असायचा."

'तो' म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. लहानपणी ती ज्यांच्या खांद्यावर बसून यार्ड बघायची ते काका. उंचीने कमी, म्हणून बाबा त्यांना बुटक्या म्हणायचे; आणि बाबांच्या नाकावर राग, म्हणून काका त्यांना प्रेशर म्हणायचे. चौदा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. कारखान्याने डिझेल इंजिन घेतलं आणि ठिगळी भंगारात द्यायची ठरली, तेव्हा बाबांनी तिला भंगारवाल्याच्या आवारात न्यायला साफ नकार दिला. नेली ती फायरमनने. त्या दिवसापासून बाबांनी त्याचं नाव टाकलं. "पोटच्या पोरीसारखी होती, आणि हा तिला पोचवून आला," एवढं एकदा म्हणाले, मग तेही नाही.

दातवालीने वडिलांना काही सांगितलं नाही. कवळ्यांच्या डब्यात टॉवेल घालून इंजिन ठेवलं आणि बसने शेवटच्या थांब्यावर गेली.

फायरमनकाका सुनेबरोबर शेंगा सोलत बसले होते. पार वाळून गेले होते, पण हसू तेच. "दातवाली झालीस म्हणे? माझे बघतेस का, सगळे जागेवर आहेत." तिने डबा उघडला. शेंगा बाजूला सारून त्यांनी हात धोतराला पुसले, मग पुन्हा पुसले, आणि मगच इंजिन उचललं.

"उजवीकडून बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यानेच सांगितलं असणार. घुमट दुसऱ्या कोणाला सांगता यायचा नाही."

"डावी तुम्ही सांगा, काका."

त्यांनी सांगितली. पाण्याचा नळ कुठून वळतो, टाकीला एकदा धक्का बसला होता तिथे मारलेला चौकोनी पत्रा कुठे, आणि केबिनच्या खाली एक जास्तीची पायरी. "माझे पाय पुरायचे नाहीत. रोज लोंबकळत चढायचो. एके दिवशी आलो तर पायरी बसवलेली. कोणी बसवली म्हणून विचारलं, तर तुझा बाप म्हणतो, वर्कशॉपला काम नव्हतं."

ती वहीत चित्र काढत होती. न राहवून तिने विचारलं, "काका, मग तुम्ही तिला का नेलंत?"

काका सुनेकडे बघून म्हणाले, "चहा टाक गं." सून आत गेल्यावर म्हणाले, "ते तिला डिझेलला बांधून ओढत नेणार होते. थंड. मेलेल्या जनावरासारखी. मी साहेबाच्या पाया पडलो, म्हटलं, शेवटचा कोळसा द्या, ती स्वतःच्या वाफेवर जाईल. पहाटे उठून पेटवली. पितळ पुसलं. चालवायची मला कुठे येत होती नीट? पण नेली."

"बाबांना सांगितलं का नाहीत?"

"त्याने विचारलं कुठे? रस्त्यात दिसलो तर पलीकडे जायचा. मलाही मग राग आला. माणसाला राग येतो, बाई."

"चला माझ्याबरोबर."

"तो बोलवू दे," काका म्हणाले आणि शेंगा पुढ्यात ओढल्या.

डावी बाजू करायला तिला बारा दिवस लागले. पायरी तिने कवळीच्या आकड्याच्या तारेतून वळवली. रंग द्यायच्या आधी, नेहमीसारखं, इंजिन वडिलांच्या हातात दिलं. अंगठा नळावरून गेला, ठिगळाच्या पत्र्यावर थबकला, खाली उतरला आणि पायरीला लागला. तिथेच राहिला.

"बुटक्याकडे गेली होतीस."

"हो."

मग तिने सगळं सांगितलं. साहेबाच्या पाया पडणं, पहाटेचा जाळ, पुसलेलं पितळ. वडिलांनी इंजिन अलगद टेबलावर ठेवलं, भिंतीला हात लावत आत गेले आणि दार लोटून घेतलं. दोन दिवस जेवणापुरतं 'हं' आणि 'नको'. आपण उगाच यात पडलो, असं तिला वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेर आले आणि आपल्या खुर्चीत बसले.

"ती पायरी चुकलीय."

"कुठे चुकलीय? काकांनी सांगितली तशीच केलीय."

"चुकलीय म्हणतो ना. खालचा कंस वाकडा आहे. मी बसवली होती ती, मला माहीत नसणार?" त्यांनी घसा साफ केला. "त्याला म्हणावं, येऊन दाखव. फोनवर नाही कळायचं."

कंस सरळ होता. तिने एकदा पट्टी लावून पाहिला, मग फोन उचलला.

फायरमनकाका दुसऱ्याच दिवशी आले, स्वच्छ सदरा घालून. दारात दोघे म्हातारे एकमेकांसमोर उभे राहिले. बाबांना समोरचं दिसत नव्हतं म्हणून त्यांनी मान तिरकी केली, आणि काकांना वाटलं, तोंड फिरवलं.

"जाऊ का मी?" काका म्हणाले.

"बाबांना तिरकंच दिसतं, काका," ती घाईने म्हणाली. "ते तुमच्याकडेच बघतायत."

काकांनी जवळ येऊन बाबांचा चेहरा न्याहाळला. "कधीपासून रे?"

"तीन वर्षं झाली. तू म्हातारा झालास का? मला कळत नाहीये."

"नाही. आहे तसाच आहे."

"खोटं बोलतोय ना गं?"

"साफ," दातवाली म्हणाली.

मग पायरीची तपासणी झाली. काकांनी डोळ्याजवळ धरून सांगितलं, कंस सरळ आहे. बाबा म्हणाले, असेल. जेवणाच्या टेबलावर तिने दुकानातून आणलेल्या रुळांचा लांबट गोल मांडला आणि वीज जोडली. ठिगळी कण्हत निघाली, सरळ पट्टीवर छान धावली आणि वळणावर मागचं चाक उचलून अडून बसली. एका कीटच्या चौकटीवर दुसऱ्याच्या बॉयलरचा तोल शेवटपर्यंत जुळला नव्हता. दातवालीचं तोंड उतरलं. "लागेल अजून घासायला."

"हात लावशील तर खबरदार!" दोघे एकदम म्हणाले.

"यार्डात चुन्याच्या वळणावर अशीच अडायची," बाबा म्हणाले.

"मग मी उतरून रुळावर वाळू टाकायचो. भर पावसातसुद्धा."

"आणि मी वरून शिव्या द्यायचो."

बोटाने ढकलली तशी ठिगळी पुन्हा निघाली. बाबा आवाजावरून तिच्यामागे मान फिरवत राहिले. दोन फेऱ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पाणी किती भरलं होतंस?"

काकांना कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही. "पाऊण टाकी."

"बस झालं. प्रेशर?"

"तुझ्यापेक्षा जरा कमी ठेवलं. भीती वाटत होती."

"बरोबर केलंस. चढावर?"

"हळू घेतली. तुझ्यासारखी. शिटी मात्र एकदाच दिली, तुमच्या क्वार्टरमागून जाताना. लांब दिली. म्हटलं, बाहेर येशील."

बाबांचे हात टेबलाच्या कडेवर होते. "ऐकली मी," ते म्हणाले. "मी खिडकी लावून घेतली. मला वाटलं, तू चिडवतोयस."

"अरे, चिडवायला कोणी एवढी लांब शिटी देतं का?"

"नाही देत," बाबा म्हणाले. त्यांचा हात टेबलावरून चाचपडत गेला. काकांनी आपला हात त्याच्या वाटेत ठेवला.

दातवाली समोरच्या खोलीत आली. संध्याकाळपर्यंत एक वरची कवळी द्यायची होती. तिने दिवा ओढून घेतला, पण बराच वेळ नुसतीच बसून राहिली. आतून काकांचा आवाज येत होता, फाटकापासून भंगाराच्या आवारापर्यंतची वाट ते रुळारुळाने सांगत होते, आणि मधूनमधून बाबा विचारत होते, "मग? मग पुढे?"