खिडकीकडची मोकळी जागा

चन्नवीरच्या दुकानात फोटोला बसलेला माणूस नुकतीच फाशीची शिक्षा ऐकल्यासारखा दिसायचा. बरोबर मधोमध खुर्ची, हात गुडघ्यांवर, डोळे वटारलेले. तीच माणसं समोरच्या बसवराज फोटोवाल्याकडं गेली की संस्थानिक होऊन बाहेर पडायची. चन्नवीर दाराच्या फटीतून ते बघायचा आणि त्याचं पोट असं जळायचं की त्यावर घरच्या भाकरी भाजून निघाल्या असत्या.

त्यात एक दिवस त्याच्या बायकोनं, गिरिजाबाईनं, ताटावरच सांगितलं, "अहो, आई मोहोळहून गड्ड्याच्या जत्रेला येणार हाय. तिला माझा फोटो पायजे. बसवराजअण्णांकडं काढून घेते की."

"आन् मी काय मेलो?"

"तुमी काढला तर आई म्हणंल, पोरगी आजारी हाय."

चन्नवीरनं ताट बाजूला सारलं. आपली बायको त्या माणसासमोर बसणार, आणि तो गोड आवाजात "जरा मान इकडं, वहिनी" म्हणणार! जत्रेच्या आत फोटो जमला नाही तर कॅमेरा सिद्धेश्वराच्या तळ्यात बुडवायचा, असं त्यानं ठरवून टाकलं.

फोटो उमटायच्या काचेच्या प्लेटी महाग, सरावाला कोण वापरणार? त्यानं फुटक्या पाटीची लाकडी चौकट घेतली आणि ती डोळ्यांपुढं धरून अख्खं सोलापूर पालथं घातलं. भोंगा झाल्यावर गिरणीतून बाहेर पडणारी माणसं, तळ्यावरच्या म्हशी, कुणीच सुटलं नाही.

"केराबाई, जरा डावीकडं सरका."

"वांगी घ्यायची तर घे मुडद्या, न्हाईतर चौकट गळ्यात घालून हो चालता!" भाजीवाली केराबाई ओरडली.

घरी आला की काळ्या कापडात शिरायचा. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं, पाय वर, डोकं खाली. चन्नवीर त्यात इतका मुरला की सरळ चालणारी माणसं त्याला उलटी वाटायला लागली. एकदा तर चहाचा कपही त्यानं उलटाच धरला, आणि थेंब सांडला नाही. लोक अजून सांगतात. लोकांना खोटं बोलायचं काय कारण?

पण या नादात त्याला एक उमगलं. माणूस मधोमध खुंटीसारखा ठोकायचा नसतो. तो जिकडं बघतो, तिकडं त्याच्या नजरेला पाय मोकळे करायला जागा ठेवायची.

जत्रेच्या तोंडावर त्यानं गिरिजाबाईला चौकटीच्या एका कडेला बसवलं, नजर खिडकीकडं, मध्ये मोकळी जागा. काचेवर ते चित्र बघून त्याचा ऊर भरून आला. मग दुधी काचेच्या जागी प्लेट सरकवली, बाहेर येऊन भिंगाचं टोपण काढलं आणि बायकोकडं बघत राहिला. ती गालातल्या गालात हसली. असं हसू त्यानं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं!

प्लेट धुऊन फोटो छापला, आणि चन्नवीरचे डोळे पांढरे झाले. त्या मोकळ्या जागेत, खिडकीच्या काचेला नाक दाबून बसवराज उभा!

"ह्याच्याकडं बघून हसलीस व्हय?"

"मग काय करू? नाक बघा की, भाकरीगत चेपटलंय. तुमी पाटी घेऊन हिंडायला लागल्यापासनं त्याचा जीव थाऱ्यावर न्हाय म्हणत्यात."

चन्नवीरनं बसवराजवर अंगठा ठेवला. लगेच फोटो मेला. गिरिजाबाईची नजर भिंतीवर आपटली. अंगठा काढला, पुन्हा जिवंत. ठेवला, काढला, शिव्या दिल्या, आणि शेवटी फोटो बसवराजसकट भिंतीवर चढवला.

सासूबाई बघून हरखल्या. "पोरगी लई सुखात हाय! ह्यो खिडकीतला कोण, जावईबापू?"

"शेजारी," चन्नवीर दात खात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बसवराज स्वतःच आला. फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. "चन्नवीरअण्णा, लई बेस बसलाय ओ. एक प्रत मला द्या की."

प्रत? याच्या घरात? गिरिजाबाईचं ते हसू याच्या भिंतीवर?

"देतो की," चन्नवीर म्हणाला, आत गेला, एक प्रत छापली आणि कात्री घेऊन बसला. संध्याकाळी त्यानं बसवराजच्या हातात पाकीट ठेवलं. आत नुसतं त्याचं चेपटलेलं नाक होतं. बरोबर मधोमध.