चौथं कुलूप

ह्यांच्या गाडीला तीन कुलुपं होती. एक स्टिअरिंगला, एक गिअरला, तिसरं गॅरेजच्या शटरला. गाडी सासऱ्यांच्या वेळची, गर्द हिरवी. वयाने आमच्या लग्नापेक्षा मोठी आणि ह्यांच्या लेखी मानानेही. मी तिला सवत म्हणायचे. हे हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

किल्ल्या कुठे ठेवतात ते मला माहीत होतं. एकदा माझ्या भावाने विचारलं आणि मी सांगून बसले. तो गाडी घेऊन चक्कर मारून आला. हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." त्या रविवारी शटर अर्धं ओढून दिवसभर आत काहीतरी खुडबुडत होते. मी विचारलं नाही. राग मलाही होताच.

पुढे वर्षभराने, एका सकाळी चहा पिताना ह्यांच्या हातातला कप पडला. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली, बोलायला गेले तर नुसता घोगरा आवाज. फोन केला तर रुग्णवाहिकेला पाऊण तास लागेल म्हणाले. इस्पितळ दहा मिनिटांवर. शेजारच्या सुताराने आणि मी ह्यांना कसंबसं गाडीत बसवलं. तिन्ही कुलुपं मी काढली. किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पण पेट घेईना. सुतार दुसरी गाडी शोधायला धावला.

ह्यांचा डावा हात माझ्याकडे आला, खाली, गुडघ्यांच्या दिशेने. घाबरलेत, मला वाटलं. "मी आहे ना," म्हणत मी तो हात त्यांच्या मांडीवर परत ठेवला. पुन्हा किल्ली फिरवली. हात पुन्हा आला, या वेळी जोर करून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग मी किल्ली सोडली आणि तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तीस वर्षांत ह्यांनी असा हात कधी दिला नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या घाईतही मला बरं वाटलं.

सुतार टेम्पो घेऊन आला तोवर हात हलायचा थांबला होता.

महिन्याने मेकॅनिकला बोलावलं. तो बराच वेळ आत वाकून बघत होता.

"काकू, गाडी ठणठणीत आहे. काकांनी छुपं बटण बसवलंय. ते दाबल्याशिवाय ठिणगीच पडत नाही. चोराला कळू नये म्हणून."

"कुठे आहे?"

त्याने दाखवलं. स्टिअरिंगच्या खाली, माझ्या गुडघ्यांपाशी. त्याने बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

तिन्ही कुलुपं मी त्याच दिवशी फेकून दिली. गाडी आता रस्त्यावर उभी असते, दारं उघडी, किल्ली आतच. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मी बटण कुठे आहे ते सांगते. अजून कुणी नेलेली नाही.